चौदाव्या क्रमांकाची लेझीम

जानेवारीतल्या एका शुक्रवारी, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, चाकणच्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये चौदा कामगार बायकांच्या लेझमीला यंत्राने गुण दिले. वैजयंता माने चौदावी आली. उरलेल्या तेरा जणींना लेझीम तिनेच शिकवली होती.

पहिल्या बारा जणी रविवारच्या स्पर्धेला जाणार होत्या. वैजयंताला स्टेजवर खेळताना बघायला तिच्या माहेरचे अकरा जण जत तालुक्यातून यायचे होते. त्यांची गाडी ठरली होती.

हे घडले तेव्हा मी कँटीनमध्ये होते. पुढचे तीन दिवसही त्या भागात होते. पाहिलेले आणि विचारून घेतलेले तेवढेच इथे लिहिले आहे. काही गोष्टी मला तेव्हा समजल्या नाहीत. त्यांतल्या काही अजूनही समजलेल्या नाहीत. त्या तशाच ठेवल्या आहेत.

कासारवाडी, गुरुवार

मी अकोल्याची. माझा मावसभाऊ नितीन कासारवाडीला राहतो, स्टेशनपासून चालत सात मिनिटांवर. भोसरीत त्याची आणि त्याच्या दोन मित्रांची छोटी कंपनी आहे. कारखान्यांत लायनीवर काम करणारी माणसे दिवसातून किती वेळा वाकतात, हात खांद्याच्या वर किती वेळ राहतो, मान किती वळते, हे कॅमेऱ्यांनी मोजायचे आणि पाठ धरायच्या आत मालकाला कळवायचे, हा त्यांचा धंदा. अंगावर काही बांधावे लागत नाही. सहा कॅमेरे सहा बाजूंनी बघतात आणि पडद्यावर माणसाच्या जागी काड्यांचा माणूस दिसतो. सांध्यांच्या जागी ठिपके असतात.

सकाळी त्याने स्टेशनजवळ वडापाव घेतला. आमच्याकडे सकाळचे पोहे बसून खातात. इथे सगळे उभे होते, आणि खाताना सगळ्यांचे तोंड रस्त्याकडे होते, कारण कंपन्यांच्या बस तिथूनच जातात. माझा अर्धा वडापाव झाला तोवर शेजारचे चार जण खाऊन, हात झटकून बसमध्ये चढलेसुद्धा.

“ताई, उद्या चाकणला येतेस का? लेझीम मोजायचीय,” नितीन म्हणाला.

“लेझीम मोजतात?”

“सांधे आहेत तेवढं सगळं मोजता येतं.”

“आणि चांगली की वाईट ते?”

“ते कस्टमर ठरवतो.”

कस्टमर म्हणजे मोटारींचे वायरिंग बनवणारा एक कारखाना. रविवारी चिंचवडच्या एका प्रेक्षागृहात वेगवेगळ्या कंपन्यांच्या कामगारांची नृत्यस्पर्धा होती. निम्मे गुण तीन परीक्षक देणार होते आणि निम्मे नितीनचे यंत्र. संघ बारा जणांचा हवा होता. चाकणच्या संघात चौदा बायका होत्या. कोणत्या दोघी गळणार हेही यंत्रानेच ठरवावे, असे त्या कारखान्याचे म्हणणे होते.

चाकण, शुक्रवार

आमच्याकडे पाहुण्याला आधी पाणी विचारतात. इथे गेटवर आधी माझ्या फोनच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावली, मग गळ्यात कार्ड घातले, मग चपलांवर पुढून लोखंडी टोप्या चढवल्या. पाणी तिसऱ्या दारानंतर मिळाले. उजव्या पायाची टोपी दोनदा निघाली. दुसऱ्यांदा ती निघाली तेव्हा मी पिवळ्या पट्ट्यांच्या मधोमध होते आणि माझ्यामागे मालाची ट्रॉली थांबली. चालकाने हॉर्न वाजवला नाही. दोन्ही हात जोडले आणि वाट बघत बसला.

आमच्या पुढे गेटवर एक ढोल अडला होता. ढोल चऱ्होलीच्या बाळूअण्णांचा. वय पासष्टच्या आसपास, धोतर, पांढरा शर्ट, पायांत कारखान्याचे काळे बूट. ढोल आत न्यायला कागद हवा होता आणि सुरक्षारक्षकाला तो कोणत्या रकान्यात लिहावा हे कळत नव्हते.

“मटेरियल आहे का टूल आहे?” त्याने विचारले.

“ढोल हाय,” अण्णा म्हणाले.

“ते दिसतंय मला. परत न्यायचाय का?”

“मंग काय हितं ठिवू?”

शेवटी ढोल ‘परत नेण्याचा माल, एक नग’ म्हणून आत आला.

कारखान्यात बहुतेक बायका आहेत. उभ्या फळ्यांवर खिळे असतात, खिळ्यांमधून वायरी ओढून घ्यायच्या आणि टेपने गुंडाळत न्यायच्या. गाडीच्या दिव्यांपासून काचांपर्यंतच्या सगळ्या वायरींचा एक मोठा जुडगा तयार होतो. वैजयंता अकरा वर्षे हेच काम करते. वय शेहेचाळीस. उंची बेताची, आवाज मोठा. लेझीम ती गावाकडच्या शाळेत शिकली. मधल्या सुट्टीत डबा खाऊन झाला की इतरांना शिकवायची. आधी दोघी आल्या, मग पाच, मग तेरा झाल्या.

निवड करायची होती ती मनुष्यबळ विभागाच्या गायकवाडांना. त्यांनी यंत्र का मागवले ते सरळच सांगितले.

“मागच्या वर्षी मी माझ्या मनाने दोघींना वगळलं. चार महिने कँटीनमध्ये कुणी माझ्याशी बोललं नाही, मॅडम. आमटी वाढणारी पण नाही. या वर्षी मशीन सांगेल, मी फक्त वाचून दाखवणार.”

शिफ्ट सुटल्यावर टेबले भिंतीला लावली. बायकांना साडी नेसू दिली नव्हती, कारण साडीच्या निऱ्यांत कॅमेऱ्याला गुडघे सापडत नाहीत. सगळ्या कंपनीच्या निळ्या टी-शर्टमध्ये होत्या. अण्णांनी टिपरू उचलले, ढोल वाजला, आणि पहिला प्रकार सुरू झाला. त्याला चार आवाज म्हणतात, कारण एका फेरीत लेझमीच्या साखळीतल्या चकत्या चार वेळा वाजतात. पत्र्याच्या छताखाली छप्पन्न आवाज एकदम आले तेव्हा मागे पाण्याच्या टाकीवरचे स्टीलचे पेले हलले.

पहिल्या खेपेला यादीत पंधरा जणी आल्या. पंधरावी मी होते. वही घेऊन कॅमेऱ्याच्या टप्प्यात उभी राहिले होते. यंत्राने मलाही गुण दिले होते. ते पुसून खेळ पुन्हा घेतला.

दुसऱ्या खेपेची यादी भिंतीवरच्या टीव्हीवर लावली. एरवी त्यावर दुसऱ्या दिवशीची भाजी लिहिलेली असते. सुषमा पहिली. ही परभणीकडची, चोवीस वर्षांची, वैजयंताच्या शेजारच्या फळीवर काम करणारी. वैजयंता शेवटची, आणि तेराव्या नंबरचे गुणही तिच्यापेक्षा बरेच जास्त.

“सर, हे उलटं लागलंय का?” सुषमाने विचारले. “खालचं वर?”

“उलटं लाव नाहीतर सुलटं लाव,” वैजयंता म्हणाली. “मी कडंलाच हाय.”

बायका हसल्या. ती हसली नाही. ती नितीनसमोर येऊन उभी राहिली.

“मशीनला माजं काय खटकलं तेवढं सांगा. मी आत्ता सुधारते.”

नितीन म्हणाला, बैठकीत गुडघा कमी वाकला असेल. त्याने पडद्यावर बैठक काढून बघितली. काड्यांच्या चौदा बायका खाली बसल्या. सगळ्यांत खाली गेलेली वैजयंताच होती. मग तो म्हणाला, टी-शर्ट ढगळ असेल. तिचा टी-शर्ट दंडाला घट्ट बसला होता. तिसऱ्यांदा तो संध्याकाळी बघतो म्हणाला.

“आन माज्या घरच्यांना काय सांगू?” वैजयंताने विचारले. हा प्रश्न कुणाला होता ते कळले नाही. गायकवाडांनी यादीचा फोटो काढला.

चऱ्होली, शुक्रवार संध्याकाळ

आळंदीच्या अलीकडे चऱ्होली लागते. रस्त्याच्या एका बाजूला वीस-बावीस मजल्यांच्या इमारती आहेत आणि त्यांच्या कमानींवर परदेशी शहरांसारखी नावे आहेत. दुसऱ्या बाजूला गाव आहे. बाळूअण्णांचे घर गावात. जुन्या घराच्या जागी त्यांनी तीन मजले बांधलेत. वरच्या दोन मजल्यांवर भाडेकरू राहतात, तळाला गाड्या लावायची जागा आहे. त्या जागेत एक मोटार, चार दुचाक्या आणि दोन म्हशी होत्या. वैजयंता नऊ वर्षांपासून दुसऱ्या मजल्यावर राहते. लेझमीचा सराव म्हशींसमोर होतो.

पूर्वी गावाचे स्वतःचे ढोल-लेझीम पथक होते. पोरे जमिनीच्या व्यवहारांत आणि नोकऱ्यांत गेली. ढोल अण्णांकडे राहिला. एके दिवशी भाडेकरूबाई जिन्यात लेझीम घेऊन दिसली, तेव्हा अण्णांनी माळ्यावरून तो खाली काढला.

अण्णांनी आम्हा दोघांना जेवायला बोलावले होते. आधी जेवण झाले. बाजरीची भाकरी, भरले वांगे, शेंगदाण्याचा ठेचा. आमच्याकडे थंडीतही ज्वारीचीच भाकरी असते आणि ठेचा पाट्यावर ओबडधोबड ठेवतात. अण्णांच्या सुनेने तो मऊ वाटला होता आणि वर कच्चे तेल घातले होते. मी दुसरी भाकरी नको म्हणाले. इथे नको म्हटल्यावर अर्धी वाढतात. आमच्याकडे अख्खी वाढतात.

जेवण झाल्यावर नितीनने मोटारीच्या टपावर लॅपटॉप उघडला. पडद्यावर चौदा रंगांच्या रेघा होत्या. प्रत्येक रेघ एका बाईच्या उजव्या मनगटाची. तेरा रेघा एकमेकींना चिकटून वर-खाली जात होत्या. लाल रेघ तशीच वर-खाली जात होती, पण किंचित आधी. लाल रेघ वैजयंताची.

“किती आधी?” मी विचारले.

“पापणी लवायला लागते तेवढं. बाकीच्या तिच्याकडे बघून करतात, म्हणून त्या सगळ्या तेवढ्याच मागे. आम्ही चौदांची सरासरी काढतो. तेरा जणी एकीकडे म्हटल्यावर सरासरी त्यांच्याजवळ जाते. ही एकटी लांब पडते.”

“म्हणजे ती चुकली नाही.”

“चुकली असं मी कुठं म्हटलं? लांब आहे म्हटलं.”

“मग तिला वगळायचं कशाला?”

“ताई, लायनीवर सरासरीपासून लांब गेलेला पीस बाजूला काढतात. चांगला का वाईट ते नंतर बघतात.”

“आणि बघतात का नंतर?”

“बहुतेक वेळा नाही.”

वैजयंता शेजारी उभी राहून ऐकत होती. “मी कशी आदी आसंन?” ती म्हणाली. “मी ढोलाकडं कान देते. ढोल वाजला की पाऊल टाकते. ढोलाच्या आदी मी कवाच न्हाई.”

“न्हाई, न्हाई,” म्हशीला वैरण टाकत अण्णा म्हणाले. “मी तुज्या डाव्या पायाकडं बघतो. त्यो उचलला की माजं टिपरू पडतं.”

“माज्या पायाकडं?”

“व्हय. मंग काय तुज्या तोंडाकडं बघू?”

“अवो, मी तुमचा ढोल ऐकून पाय उचलते!”

“आन मी पाय बघून ढोल वाजवतो!”

अण्णांनी उरलेली वैरण खाली ठेवली. “नऊ वर्सं एका घरात हावोत आमी,” अण्णा मला म्हणाले, “पर ह्ये आज कळतंय.”

मी वहीत बाण काढून बघितले. सुषमाकडून वैजयंताकडे, वैजयंताकडून ढोलाकडे, ढोलाकडून वैजयंताच्या डाव्या पायाकडे. पुढचा बाण कुठे काढायचा ते कळले नाही. मी नितीनला विचारले, मग ताल सुरू कुणापासून होतो? तो म्हणाला, हे मोजता येईल. नंतर म्हणाला, नाही येणार, ढोलाला सांधे नाहीत.

चाकण, शनिवार

सकाळी नितीनने गायकवाडांना लाल रेघ दाखवली. गायकवाडांना पटले, पण अर्धवट. त्यांनी वैजयंताला बाजूला बसवले आणि उरलेल्या तेरा जणींना पुन्हा खेळायला सांगितले. पुढे सुषमा उभी राहिली.

यादी आली. सुषमा तेरावी.

“काल पहिली, आज शेवटची!” ती टीव्हीकडे बोट करून म्हणाली. “सर, मी तर कालच्यासारखंच करायले! काल ताईकडं बघून करायले, आज बघायला पुढं कुणीच नाही.”

“म्हणजे जी पुढे, ती खाली,” गायकवाड म्हणाले. त्यांनी खुर्ची ओढली. “मग मी कुणाकुणाला काढू? काढत काढत शेवटी मीच राहीन.”

तेव्हा नितीनने दुसरा मार्ग सुचवला. सरासरी सोडून द्यायची. एक नमुना धरायचा आणि सगळ्यांना त्याच्याशी ताडायचे. हे गायकवाडांना लगेच समजले, कारण त्यांच्या कारखान्याचे काम असेच चालते. ते मला गुणवत्ता विभागात घेऊन गेले. तिथे काचेचे कपाट आहे, त्याला कुलूप आहे, आत प्रत्येक प्रकारच्या वायरिंगचा एकेक जुडगा टांगलेला आहे. त्याला मास्टर पीस म्हणतात. तयार झालेला माल त्याच्याशी लावून बघायचा. मास्टर पीस सगळ्यांत निर्दोष असतो आणि तो हाताळायलाही सही करावी लागते.

स्पर्धेच्या नियमांतही ही सोय होती. संघाने आपला नमुना आधी चित्रित करून द्यायचा, यंत्र स्टेजवरच्या संघाला त्याच्याशी ताडणार. नमुना कुणाचा, हे विचारायची गरज पडली नाही. वैजयंता एकटी कँटीनच्या मधोमध उभी राहिली. अण्णा समोर बसले. सात मिनिटे ती खेळली. तेरा जणी भिंतीला टेकून बघत होत्या. बैठकीतून उठताना तिने लेझीम डोक्यावरून फिरवली. तेव्हा स्वयंपाकघरातून दोघे जण पळी हातात घेऊनच बाहेर आले. नितीनने फाइल जतन केली. फाइलला नाव दिले, ‘मास्टर १’.

मग तेरा जणींना त्या फाइलशी ताडून गुण दिले. एक गळाली, ती स्वतःच म्हणाली की तिचा गुडघा दुखतो. बारा राहिल्या.

“आन मी?” वैजयंताने विचारले.

“तुम्ही मास्टर,” गायकवाड म्हणाले.

“म्हंजे हाय का न्हाई?”

“आहात ना. सगळ्यांच्या वर आहात.”

“स्टेजवर?”

गायकवाडांनी नितीनकडे बघितले. “मास्टर पीस गाडीत लागतो का?” त्यांनी विचारले.

“नाही, सर.”

“लायनीवर जातो का?”

“नाही, सर.”

“तिला घेतलं तर तिला तिच्याशीच ताडणार. दुसऱ्या कंपन्या सोडतील का मला? उलट हा मान आहे, वैजयंताताई. काल चौदावा नंबर होता. आज तुम्हाला नंबरच नाही.”

हा मान आहे की नाही यावर कँटीनमध्ये दोन तट पडले. एक बाई म्हणाली, ताईचा फोटो लावा. दुसरी म्हणाली, फोटो कुणाचा लावतात ते माहीत आहे का तुला. मी नितीनला विचारले की सरासरी धरली तरी ती बाहेर आणि नमुना धरला तरी ती बाहेर, हे कसे. तो म्हणाला, दोन्ही पद्धती बरोबर आहेत. हे वाक्य मी वहीत लिहिले आणि पुढे प्रश्नचिन्ह काढले. मग ते खोडले, कारण त्याने विचारले नव्हते, सांगितले होते.

दुपारी वैजयंताने माहेरी फोन लावला. मी तिच्या बाजूचे बोलणे ऐकले.

“निगालात का? … सकाळच्याला निगा मग. … व्हय. … साडी न्हाई, ती कंपनीची आसती… तुमी या तर. … न्हाई, काय झालं न्हाई. या.”

तिने फोन ठेवला. त्यांना काही सांगितले नव्हते. गाडी रद्द करायची वेळ अजून गेली नव्हती, पण ती रद्द करा असेही म्हणाली नव्हती.

ढोल परत नेताना अण्णांनी गायकवाडांना एक अट घातली. वैजयंता पहिल्या रांगेत बसली पाहिजे. कडेच्या खुर्चीवर, ढोलाच्या समोर, पाय दिसतील अशी.

“पहिली रांग पाहुण्यांची आहे, अण्णा.”

“पाय दिसला न्हाई तर ढोल न्हाई.”

“अहो, पण ती बसलेली असणार. बसून पाय कसा उचलणार?”

“ते तिचं ती बघंल.”

गायकवाडांनी स्वतःची खुर्ची दिली.

चिंचवड, रविवार

जतचे अकरा जण साडेदहाला प्रेक्षागृहावर पोचले. पाच पुरुष, सहा बायका. वैजयंताचा भाऊ शिवाजी पुढे होता. सोबत डाळिंबांची पेटी होती. दारावरच्या माणसाने खाण्याचे पदार्थ आत नेता येत नाहीत म्हणून सांगितले. शिवाजी म्हणाला, हे खायचे नाहीत, वाटायचे आहेत. पेटी आत गेली. ते तिसऱ्या रांगेत बसले. मी त्यांच्या कडेला बसले.

चाकणच्या संघाचे नाव पुकारले. हिरव्या नऊवारीत बारा जणी आल्या. स्पर्धेत साडीला परवानगी होती, काष्टा मारला की गुडघे दिसतात. अण्णा कडेला बसले.

“आमची कुठली?” शिवाजीने मला विचारले.

मी म्हणाले, ती या बारांत नाही.

“मग ह्या कोन?”

“यांना तिने शिकवलंय.”

“आन ती कुठाय?”

मी पहिल्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीकडे बोट केले. मागून तिचा अंबाडा आणि खांदे दिसत होते.

“ती हितं का बसलीया?”

मी सरासरीचे सांगितले. नंतर कपाटाचे सांगितले. दोन्ही सांगून झाल्यावर मलाच ते नीट लागले नाही, म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरू केले.

“ऱ्हाऊ द्या,” शिवाजी म्हणाला. “ती सांगंल.”

पहिली तीन मिनिटे सुरळीत गेली. चार आवाज झाले, पवित्रा झाला. चौथ्या मिनिटाला बैठकीतून उठून डावीकडे वळायचे होते. अण्णांची नजर स्टेजवर नव्हती, खाली खुर्चीकडे होती. ढोल एक ठोका लवकर पडला, असे मला वाटले. नितीनचे नंतरचे म्हणणे आहे की ढोल बरोबर होता, सुषमा थांबली. सहा जणी डावीकडे वळल्या, सहा उजवीकडे. दोघींच्या लेझमी एकमेकींत अडकल्या.

वैजयंता उभी राहिली. हातात काही नव्हते. स्टेजकडे तोंड करून तिने बैठक घेतली, उठली, वळली, रिकाम्या मुठी डोक्यावरून फिरवल्या.

“ओ बाई, खाली बसा!” मागून कुणीतरी ओरडले. “दिसत नाही!”

शिवाजी उठून मागे वळला. “आमची हाय ती!”

“असू दे, खाली बसवा!”

“तू बस की! आमी लई लांबनं आलोय, तिलाच बगायला आलोय!”

सुषमाने तिच्याकडे बघितले. अण्णांनीही बघितले. दुसऱ्या फेरीला बारा जणी एका रांगेत होत्या. खेळ संपेपर्यंत वैजयंता खाली बसली नाही. जतच्या सहा बायका उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या, त्यामुळे माझ्या मागच्या रांगांना स्टेज दिसले की नाही हे सांगता येत नाही.

खेळ संपल्यावर स्पर्धेचा एक निरीक्षक पाटीवर कागद लावून आला. त्याने मला विचारले, ती उभी राहिलेली बाई कोण. मी नाव सांगितले. त्याने आडनाव विचारले. तेही सांगितले. त्याने माने बरोबर लिहिले आहे का म्हणून कागद माझ्यापुढे धरला. बरोबर होते.

निकाल दीड वाजता लागला. यंत्राच्या गुणांत चाकणचा संघ सगळ्यांच्या पुढे होता. चौथ्या मिनिटाला रांग मोडली तरीही. कसे ते नितीनलाही सांगता आले नाही. सगळे मिळून संघ तिसरा आला. गायकवाड सगळ्यांना सांगत होते, तिसरा म्हणजे चांगला. बारा जणींना पदके मिळाली. सुषमाने आपले पदक काढून वैजयंताच्या गळ्यात घालायचा प्रयत्न केला. वैजयंता म्हणाली, “गप घाल तुझं तू. फोटो काढायलेत.” सुषमाची बोली तिने मुद्दाम तिला परत केली होती. दोघी हसल्या.

बाहेर झाडाखाली डाळिंबे वाटली. वैजयंताने एक माझ्या हातात दिले तेव्हा मी तिला विचारले, माहेरच्यांना काय सांगितले.

“काय सांगायचं? बगितलं की त्यांनी,” ती म्हणाली. “पाठमोरी तर पाठमोरी.”

जतची गाडी तीनला निघाली. वैजयंता सोमवारी पहिल्या शिफ्टला होती, म्हणून ती त्यांच्यासोबत गेली नाही.

भोसरी, सोमवार

अकोल्याला निघण्याआधी नितीनच्या ऑफिसात मी चाकणच्या संघाची कागदपत्रे बघितली. चार कागद आहेत. पहिल्यावर खेळाडूंची बारा नावे आहेत. दुसऱ्यावर वादकाचे आणि व्यवस्थापकाचे नाव आहे, बाळूअण्णा आणि गायकवाड. तिसरा यंत्राच्या गुणांचा. त्यात नमुन्याच्या रकान्यात ‘मास्टर १’ लिहिले आहे.

चौथ्या कागदावर नियमभंगाची नोंद आहे: ‘संघाबाहेरील व्यक्तीने प्रेक्षकांतून हालचाली करून संघास सूचना दिल्या. पाच गुण वजा. व्यक्तीचे नाव: वैजयंता माने.’

उरलेल्या तीन कागदांवर हे नाव नाही.